तोकी पोनाचं वाक्य: कर्ता जागेवर ठेवा, बाकीचं आरशात धरा

प्रश्न थोडक्यात असा: तोकी पोना या घडवलेल्या भाषेचे शंभरेक शब्द पाठ झालेत, सुटा शब्द समोर आला की ओळखू येतो. पण वाक्य लिहायला बसलं की 'ली' कुठे, 'ए' कुठे आणि 'पी' नक्की कधी, इथेच गाडी अडते. मराठीत विचार करून लिहिलं की वाक्य उलटंपालटं होतं. मग आणखी शब्द पाठ करावेत का?

नको. शब्द पुरे झाले. कॅनडातल्या भाषांतरकार सोन्या लँग यांनी २००१ साली ही भाषा इंटरनेटवर मांडली. २०१४ च्या त्यांच्या पुस्तकात जेमतेम १२० शब्द आहेत, २०२१ च्या शब्दकोशात १३७. एवढ्याशा भांडवलावर भाषा चालते, कारण अर्थाचा निम्मा भार शब्द कोणत्या क्रमाने येतात त्यावर टाकलेला आहे. लिंग, वचन, काळ, विभक्ती यांतलं काहीच शब्दाला चिकटत नाही. 'मोकू' म्हणजे खाणे, पिणे, जेवण, खाण्याजोगं, सगळं. यातला नेमका अर्थ कोणता, हे तो शब्द वाक्यात कुठे बसलाय त्यावरून ठरतं. एस्पेरांतो या दुसऱ्या एका घडवलेल्या भाषेत कर्माला खास प्रत्यय लागतो, त्यामुळे क्रम थोडा सैल सोडता येतो. इथे ती सवलत नाही.

आधी लेखनाबद्दल. भाषेला रोमन लिपीतली चौदा अक्षरं लागतात, पाच स्वर आणि नऊ व्यंजनं. मी इथे सगळं देवनागरीत देतो आहे. रोमनमध्ये जिथे आपण सवयीने 'ज' वाचू, तिथे उच्चार 'य' आहे, म्हणून माणूस म्हणजे 'यान'. शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी वा उकार दिलाय तो मराठी सवयीने. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

आता सगळ्यात लहान वाक्य.

सोवेली ली मोकू.
(प्राणी खातो, खाल्लं, खाईल. काळ संदर्भावर.)

'ली' हे क्रियापद नाही आणि 'आहे' तर मुळीच नाही. ती एक सीमारेषा आहे. तिच्या डावीकडे कोणाबद्दल बोलतोय ते, उजवीकडे काय बोलतोय ते. उजवीकडे क्रिया असेल, गुण असेल, नाम असेल, भाषेला फरक पडत नाही:

किली ली पोना. (फळ चांगलं आहे.)
ओना ली यान पोना. (तो मित्र आहे. शब्दशः चांगला माणूस.)

यातली 'ली' काढा आणि पाहा. 'किली पोना' उरतं, म्हणजे 'चांगलं फळ'. वाक्य गेलं, पदबंध राहिला. नवशिक्याच्या लिखाणात सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच, कारण मराठीत बोलताना 'फळ चांगलं' एवढं म्हटलं तरी वाक्य होतं, 'आहे' मनातल्या मनात. इथे ते चालत नाही. लिहून झालं की वाक्यात 'ली' मोजायची. एकही नसेल तर एकतर कर्ता नुसता 'मी' किंवा 'सिना' आहे, किंवा आज्ञा आहे, नाहीतर वाक्य तुटलंय.

'मी' आणि 'सिना' (तू, तुम्ही) यांचा अपवाद असा: कर्ता नेमका हा एकच शब्द असेल तर 'ली' येत नाही. मी मोकू. सिना पोना. पण त्याला दुसरा कुठलाही शब्द जोडला की 'ली' परत हवी: 'मी मुते ली मोकू' (आम्ही खातो), 'मी एन सिना ली मोकू' (मी आणि तू खातो). 'ओना'ला अपवाद नाही. 'ओना मोकू' म्हणजे 'खाणारा तो' असा पदबंध होतो.

कर्म आलं की त्याच्या आधी 'ए':

सोवेली ली मोकू ए काला. (प्राणी मासा खातो.)

मराठी माणसाला इथे एक गोष्ट मुद्दाम सोडून द्यावी लागते. 'मांजराने मासा खाल्ला' म्हणताना 'ने' कर्त्याला लागतो आणि क्रियापद माशाशी जुळतं. भूतकाळ सांगायचा म्हणून कर्त्याला काहीतरी चिकटवावंसं वाटतं. काही चिकटवू नका. कोणी कोणाला खाल्लं हे फक्त 'ली'च्या डावीकडे कोण आणि 'ए'च्या उजवीकडे कोण यावरून कळतं.

आता मुख्य युक्ती. मराठीचा क्रम आणि तोकी पोनाचा क्रम एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. हे वाक्य घ्या:

मांजर | माझ्या मोठ्या घरात | मासा | खातं.

कर्ता पहिला, तो तिथेच राहू द्या. त्याच्यापुढे 'ली' ठेवा. मग उरलेलं वाक्य शेवटून मागे वाचत या: खातं, मासा, घरात. आणि 'माझ्या मोठ्या घरात' हाही तुकडा आतून उलटा: 'त' म्हणजे 'लोन', मग घर, मग मोठ्या, मग माझ्या.

सोवेली ली मोकू ए काला लोन तोमो सुली मी.

लोन (-त), तोमो (घर), सुली (मोठं), मी (माझ्या). एकही तुकडा इकडेतिकडे करावा लागला नाही. मराठीत प्रत्यय नामाच्या मागे चिकटतो, इथे तेच काम करणारा शब्द पुढे उभा राहतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी, इथे नंतर. सहायक क्रियापदाचंही तसंच: 'खाऊ शकतो' उलटून 'केन मोकू', 'जायचं आहे' उलटून 'विले तावा'. क्रियाविशेषणही: 'नीट बोलतो' म्हणजे 'तोकी पोना'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला विशेषणं उलटवावी लागतात आणि बाकीचं बरंचसं तसंच ठेवावं लागतं, त्याचा गोंधळ होतो. मराठीवाल्याला कर्ता सोडून सगळंच उलटवायचं असतं. नियम एकच, म्हणून खरं तर सोपा.

'मला पाणी दे' हेही आरशात धरा. दे, पाणी, मला:

ओ पाना ए तेलो तावा मी.

फक्त आज्ञेची खूण 'ओ' पुढे आली. बाकी जसंच्या तसं उलटं.

'तावा', 'लोन', 'तान', 'केपेकेन', 'सामा' ही पाच संबंधदर्शक अव्ययं आहेत: कडे किंवा साठी, मध्ये किंवा वर, पासून किंवा मुळे, ने (साधनाने), सारखं. यांच्या पुढच्या नामाआधी 'ए' लावायचा नाही. हे नुसतं व्याकरणाचं सोवळं नाही, अर्थच फिरतो. 'मी तावा तोमो' म्हणजे मी घरी जातो. 'मी तावा ए तोमो' म्हणजे मी घर हलवतो. ही अव्ययं थेट विधेयाच्या जागीही बसतात: 'मी लोन तोमो', मी घरात आहे. तिथे 'आहे'साठी वेगळा शब्द शोधत बसू नका, नाही तो.

एका वाक्यावर मात्र थांबायला हवं:

मी पाना ए तोमो तावा सिना.

'तोमो तावा' म्हणजे हलतं घर, अर्थात गाडी. तेव्हा वरच्या वाक्याचे दोन अर्थ निघतात: 'मी तुझी गाडी दिली' आणि 'मी तुला घर दिलं'. भाषेत हे सुटत नाही, लिहिणाऱ्याने सोडवायचं. काही जण 'तावा'च्या आधी स्वल्पविराम देतात, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. वाक्य दोनात तोडणं जास्त भरवशाचं.

आरसा जिथे फसवतो त्यातली पहिली जागा 'पी'. वरवर पाहिलं तर 'पी' म्हणजे 'चा-ची-चे'. 'माझ्या मित्राचं घर' उलटवा: घर, चं, मित्र, माझ्या, म्हणजे 'तोमो पी यान पोना मी'. बरोबर आहे. पण 'माणसाचं घर' याच पद्धतीने 'तोमो पी यान' लिहिलंत की चुकलं. तिथे नुसतं 'तोमो यान'. 'माझं घर' म्हणजे 'तोमो मी', 'तोमो पी मी' नव्हे. 'पी'चा मालकीशी संबंधच नाही, तो गट बांधतो. त्याच्या उजवीकडे किमान दोन शब्द हवेत, कारण एका शब्दाचा गट बांधायचा तरी कसा?

विशेषणांची साखळी डावीकडून जोडत जाते. पहिल्या दोन शब्दांची जोडी, त्या जोडीला तिसरा, त्या सगळ्याला चौथा. 'तोमो तेलो नासा' घ्या. तोमो तेलो, पाण्याची खोली, म्हणजे न्हाणीघर. त्याला 'नासा' (विचित्र, भलतंच), म्हणजे विचित्र न्हाणीघर. आता 'तोमो पी तेलो नासा'. आधी 'तेलो नासा' एकत्र झालं, भलतं पाणी, अर्थात दारू. मग त्याची खोली. दारूचा गुत्ता. एका 'पी'ने न्हाणीघराचा गुत्ता झाला. (नासा हा शब्द विसरत असाल तर 'नशा' आठवा. व्युत्पत्ती नव्हे, नुसती खुंटी.)

हाच खेळ नकाराबरोबर जास्त घात करतो. 'यान वावा आला' म्हणजे एकही बलवान माणूस नाही. 'यान पी वावा आला' म्हणजे बळ नसलेला, अशक्त माणूस. एका वाक्यात दोन-दोन, तीन-तीन 'पी' ओवू नका. दुसऱ्या 'पी'नंतर कोण कोणाला जोडलंय हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं. तिसरा 'पी' लिहायची वेळ आली की वाक्य तोडा.

दुसरी फसवी जागा 'आणि'. मराठीत एकच 'आणि' सगळीकडे चालतो. इथे तो कोणत्या दोन गोष्टी जोडतोय त्यावर खूण बदलते. दोन कर्ते जोडायचे तर 'एन': 'सोवेली एन यान ली मोकू'. दोन क्रिया जोडायच्या तर दुसरी 'ली': 'सोवेली ली मोकू ली लापे' (खातो आणि झोपतो). दोन कर्मं जोडायची तर दुसरा 'ए': 'मी मोकू ए किली ए तेलो'. 'ए किली एन तेलो' ही चूक इतकी रुळलेली आहे की दोन-तीन महिने शिकलेल्यांच्या लिखाणातही सापडते. कर्ता 'मी' असून क्रिया दोन असतील तर पहिली 'ली' गळते, दुसरी राहते: 'मी मोकू ली लापे'. काही जण ते टाळून 'मी मोकू. मी लापे.' अशी दोन वाक्यं करतात. दोन्ही खपतं.

आता देवनागरीत शिकणाऱ्याचा खास त्रास. यातले कितीतरी शब्द मराठी डोळ्याला ओळखीचे वाटतात आणि ती ओळख खोटी असते. 'मी' तेवढा योगायोगाने खरा आहे. पण 'तू' म्हणजे दोन. 'मामा' म्हणजे आई किंवा वडील. 'तावा' म्हणजे जाणे, त्याचा पोळ्यांशी संबंध नाही. 'सोना' म्हणजे ज्ञान, 'काला' म्हणजे मासा. 'नी' म्हणजे हे, 'आणि' नव्हे. आणि 'आला' म्हणजे नाही! त्यामुळे 'ओना ली कामा आला' वाचून कुणीही म्हणेल की गडी कामाला आला, पण अर्थ आहे 'तो आला नाही'. पहिले पंधरा दिवस सराव रोमन लिपीत करा, ते याचसाठी. मराठी लिपी समोर असली की मराठी अर्थ डोकं वर काढतात.

यांतला सर्वांत घातकी शब्द 'ला'. मराठीत 'ला' म्हणजे ज्याला द्यायचं, ज्याच्याकडे जायचं तो. तोकी पोनात 'ला' म्हणजे 'तर', त्याच्या आधी येतं ती अट, वेळ किंवा चौकट. 'मला फळ आवडतं' असं म्हणायचं असताना शिकणारा लिहितो 'मी ला किली ली पोना'. गंमत अशी की हे वाक्य शुद्ध आहे. त्याचा अर्थ होतो 'माझ्या मते फळ चांगलं आहे', म्हणजे जवळपास हवं तेच. समोरच्याला कळतं, तो दुरुस्त करत नाही, आणि चूक पक्की होते. मग एक दिवस 'मी ला ओ पाना ए तेलो' लिहिलं जातं, 'माझं विचाराल तर, पाणी दे'. कोणाला द्यायचं हे वाक्यात नाहीच. देण्या-जाण्यातल्या 'ला'साठी नेहमी 'तावा', आणि तो नामाच्या आधी. 'मला फळ आवडतं' याचं सरळ रूप 'किली ली पोना तावा मी', शब्दशः 'फळ माझ्यासाठी चांगलं'. इंग्रजीतून येणारे इथे 'मी'ला कर्ता करून अडतात. आपली 'मला आवडतं' ही रचना आधीच या वळणाची आहे, तिचा फायदा घ्या.

पण हा फायदा ताणू नका. मराठीत 'मला माहीत आहे', 'मला जायचं आहे' यांतही 'मला' आहे. तिथे मात्र 'मी' सरळ कर्ता: मी सोना. मी विले तावा. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हेही 'मी यो ए लिपू'. जिथे मराठीत अनुभव आपल्यावर येऊन आदळतो, तिथे तोकी पोनात बहुधा आपणच तो अनुभव करतो. आवडणं हा ठळक अपवाद.

'ला' एकदा 'तर' म्हणून बसला की मात्र मराठीवाल्याला तो इतर कुणापेक्षाही लवकर पेलतो, कारण दोन्ही भाषांत अट संपली की मग खूण येते. 'ओना ली कामा ला मी तावा': तो आला तर मी जाईन. 'तेन्पो पिनी ला मी मोकू': मागे मी खाल्लं. 'केन ला': कदाचित. मराठीत 'मी जाईन, तो आला तर' असंही फिरवता येतं. इथे नाही. अट पहिली, मग 'ला', मग मुख्य वाक्य. उलटं लिहिलंत तर अर्थ उलटतो, 'मी गेलो तर तो येईल'. आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'तेन्पो पिनी ला' लावण्याची सवय असेल तर मोडा. पहिल्या वाक्यात काळ सांगितला की पुढे तोच चालू राहतो. अनेकवचनासाठी प्रत्येक नामाला 'मुते' जोडणं ही त्याचीच बहीण.

नकार 'आला' हा ज्या शब्दाला नाकारायचं त्याच्या लगेच मागे बसतो, हे मराठी 'खात नाही'सारखंच. जागा महत्त्वाची. 'मी विले आला मोकू' म्हणजे मला खायची इच्छा नाही. 'मी विले मोकू आला' म्हणजे न खाण्याची इच्छा आहे, उपास म्हणा हवं तर. आपण 'कोणीच आलं नाही' असं म्हणतो. इथे 'यान आला ली कामा' पुरे. दुसरा 'आला' लावला की 'न आलेला कोणीच नाही' असं काहीतरी होऊन बसतं.

प्रश्न विचारणं मराठीवाल्याला फुकटात मिळतं. 'काय' आणि 'कोण' आपल्याकडे जिथे उत्तर यायचं तिथेच बसतात, इथेही तसंच: 'सिना मोकू ए सेमे?' (तू काय खातोस?), 'यान सेमे ली कामा?' (कोण आलं?). हो-नाहीचा प्रश्न क्रियापद दोनदा घेऊन, मध्ये 'आला': 'सिना मोकू आला मोकू?' खातोस की नाही खात? उत्तर 'मोकू' किंवा 'मोकू आला', किंवा नुसतं 'आला'. 'हो'साठी शब्द शोधू नका. 'जेवलास का?' याला आपणही 'जेवलो' म्हणतोच की. दुसरी पद्धत वाक्याच्या शेवटी 'आनू सेमे' लावायची: 'सिना मोकू आनू सेमे?' हे शब्दाला शब्द मराठी आहे. आनू म्हणजे 'की', सेमे म्हणजे 'काय'. खातोयस की काय?

'ओ'ची दोन कामं. हाक मारताना नावानंतर येतो ('मामा ओ!'), आणि आज्ञेत क्रियापदाआधी ('ओ कामा!'). तिसऱ्या पुरुषात तो 'ली'ची जागा घेतो: 'ओना ओ कामा', त्याने यावं. मराठीतलं '-वं' रूप जिथे जिथे येतं, तिथे 'ओ' बहुतेक बसतो. नकारार्थी आज्ञा 'ओ तोकी आला', बोलू नका.

विशेषनामं इथे विशेषणासारखी चालतात, म्हणून आधी नाम हवं: माणसासाठी 'यान', प्रदेशासाठी 'मा', भाषेसाठी 'तोकी'. भारत म्हणजे 'मा पालाता'. ध्वनी भाषेत बसवावे लागतात, आणि 'ती' हा ध्वनी निषिद्ध असल्याने त्याचा 'सी' होतो. त्यामुळे अदिती 'यान आसिसी' होते आणि मराठी 'तोकी मालासी'. रोमनमध्ये लिहिताना मोठं अक्षर फक्त या नावांना, वाक्याच्या सुरुवातीलाही नाही.

लांब वाक्याचं काय? 'जो-तो', 'जे-ते' इथे नाही. 'की' देखील नाही. त्या जागी 'नी' (हे) ठेवायचं, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके द्यायचे आणि पुढे नवं वाक्य. एक उदाहरण पूर्ण सोडवू:

काल पाऊस आला, म्हणून माझ्या मित्राची आई आम्हाला म्हणाली की घरातच थांबा.

पहिलं काम तोडणं. यात तीन वाक्यं आहेत: पाऊस आला, आई म्हणाली, घरात थांबा. पहिलं: 'तेन्पो सुनो पिनी ला तेलो सेवी ली कामा.' तेन्पो सुनो पिनी, सरलेला दिवस, म्हणजे काल. तेलो सेवी, वरचं पाणी, म्हणजे पाऊस. 'म्हणून' याला 'तान नी ला', म्हणजे 'यामुळे तर'. आता कर्ता, 'माझ्या मित्राची आई'. कर्ता वाक्यात पहिलाच राहतो, पण त्याच्या आतले शब्द उलटतात: मामा पी यान पोना मी. मग 'ली', मग 'म्हणाली' (तोकी), काय म्हणाली (ए नी), कोणाला (तावा मी मुते). शेवटी दोन ठिपके आणि आज्ञा. सगळं मिळून:

तेन्पो सुनो पिनी ला तेलो सेवी ली कामा. तान नी ला मामा पी यान पोना मी ली तोकी ए नी तावा मी मुते: ओ आवेन लोन तोमो.

यात कुठे मोडतं ते पाहा. 'पी' गाळला तर 'मामा यान पोना मी' उरतं आणि 'पोना' आईला चिकटतं: माझी चांगली, मनुष्यरूपी आई. मित्र गायब. 'आम्हाला'मुळे हात शिवशिवून 'मी मुते ला' लिहिलं तर ऐकणारा हरवतो. 'ए नी' विसरलात तर दोन ठिपक्यांपुढचं वाक्य लोंबकळत राहतं. आणि 'घरात'साठी 'ए तोमो' लिहिलंत तर 'घर आहे तसं ठेवा' असा हुकूम होतो. 'कारण' असलेलं वाक्यही याच साच्यात: 'मी आवेन तान नी: तेलो सेवी ली कामा', मी थांबलो कारण पाऊस आला.

सरावासाठी तीस शब्द पुरतात. मी, सिना, ओना, यान, सोवेली, काला, किली, तेलो, तोमो, इलो (साधन), मोकू, लुकिन (पाहणे), तोकी, पाना, पाली (करणे), कामा, पोना, इके (वाईट), सुली, लिली (लहान), मुते, विले, केन, लोन, तावा, तान, केपेकेन, नी, सेमे, आला. त्यांच्या जोडीला सात खुणा: ली, ए, पी, ओ, ला, एन, आनू. पहिले दोन आठवडे यांच्या बाहेर जाऊ नका. रोज एकच बीजवाक्य घ्या, समजा 'सोवेली ली मोकू ए काला', आणि त्याची दहा रूपं लिहा: नकार, प्रश्न, 'की काय'चा प्रश्न, आज्ञा, 'केन' घालून, 'लोन तोमो' जोडून, दोन कर्मं करून, कर्त्याला 'सुली' लावून, 'ला'ची अट पुढे ठेवून, कर्ता 'मी' करून. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. 'मी' करताना 'ली' गाळायची राहते, ती चूक इथेच पकडली जाते.

दुसऱ्या दिवशी आधी कालची दहा वाक्यं मराठीत उतरवा, मूळ मराठी न पाहता. उतरलं नाही तर बहुतेक वेळा दोष स्मरणशक्तीचा नसतो. वाक्यात 'पी' सुटलेला असतो, नाहीतर अव्ययाच्या जागी 'ए' बसलेला असतो. सुरुवातीला वाचताना शब्दांकडे पाहूच नका. पेन्सिलने आधी फक्त 'ला' शोधून त्यावर उभी रेघ मारा, मग 'ली' किंवा 'ओ', मग प्रत्येक 'ए', मग अव्ययं. रेघांमधल्या तुकड्यांत दोन-तीन शब्दच उरतात आणि तेवढे डावीकडून जोडत न्यायचे असतात. एखाद्या तुकड्यात पाचापेक्षा जास्त शब्द सापडले तर तो तुकडा लिहिणाऱ्याचाच कच्चा आहे असं खुशाल समजा.